शाळेचा साबण कुणी आणायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पोषण आहार शिजवते. कागदावर माझं पद स्वयंपाकी-मदतनीस, पोरं मला मावशी म्हणतात. शाळा सातवीपर्यंत, पट 62. या चुलीपुढे मला अकरा वर्षं झाली. रोज दुपारी ताट धरून जे हात माझ्यापुढे येतात ते मी जितके जवळून बघते तितके दुसरं कुणी बघत नसेल, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आमच्या शाळेत हात धुवायला सहा तोट्यांची जागा बांधली, त्याला तीन वर्षं झाली. मागे टाइल्स, वर हजार लिटरची टाकी. पहिलं वर्ष पाणी होतं. मग बोअरची मोटर जळाली. ती भरून येईस्तोवर दोन तोट्या कुणी तरी काढून नेल्या. मोटर बसली, तर लाईट बिल थकलं म्हणून जोडणी तोडलेली. आता टाकी रिकामी आहे आणि तोटीखालच्या कट्ट्यावर पोरं दप्तरं ठेवतात. पहिलीच्या लेकरांचा हात तर पाणी होतं तेव्हाही तिथवर पोहोचत नव्हता, मोठी पोरं त्यांना उचलून धरायची.

स्वयंपाकाचं पाणी मी हापशावरून आणते. सहा घागरी. तांदूळ-डाळ धुणं, शिजवणं, भांडी घासणं यातच त्या संपतात. मातीत खेळून आलेली पोरं चड्डीला हात पुसतात आणि रांगेत उभी राहतात. मी काय करू? भात तर वाढावाच लागतो, काही पोरं सकाळी नुसता चहा पिऊन आलेली असतात.

मागच्या पावसाळ्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ आली. आठवड्यात शाळेतली चौदा पोरं घरी बसली. दुसरीतल्या एका मुलीला दोन दिवस सलाईन लावावं लागलं. ती परत आली तेव्हा तिच्या मनगटावर सुईचा काळा-निळा डाग होता, आणि त्याच हातात तिने ताट धरलं होतं. आरोग्यसेवक आले, त्यांनी शाळेतल्या पिंपाचं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं. आमचं पाणी होतं तसंच राहिलं. गावच्या टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, पडत होती, पण पोतं उघडं राहून सादळलेलं. सादळलेल्या पावडरीत दम राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अकरा वर्षं त्या पिंपातलं पाणी मीच पोरांना देत आले आहे.

त्यानंतर मी आणि आमच्या बाईंनी कडुनिंबाखाली एक सोय केली. पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन आडव्या काठीला टांगला, वरच्या बाजूला खिळ्याने भोक पाडलं, कॅनला दोरी बांधून खाली फळकुट जोडलं. पायाने फळकुट दाबलं की कॅन कलतो आणि बारीक धार पडते. हात कशालाच लागत नाही. शेजारी कांद्याच्या जाळीत साबण बांधून लटकवला. मी मोजलं आहे, एका कॅनमध्ये तीस पोरांचे हात होतात, म्हणजे सगळ्या शाळेला एक घागर पुरते. खाली सांडणारं पाणी चर काढून परसबागेतल्या पालकाला सोडलं. पहिलीची पोरं आता घरी जाऊन आईला हात धुवायला लावतात.

पण साबण? दहा रुपयांची वडी चार दिवस जाते. आम्हाला तांदूळ मिळतो, डाळी मिळतात, तिखट-मीठ मिळतं, इंधन-भाजीपाल्याचे पैसे मिळतात. साबण त्या यादीत नाही. पन्नास-साठ रुपये महिना ही रक्कम मोठी नाही, बाई आणि मी मिळून घालतो. माझं मानधन महिन्याला 2500 रुपये आहे. गुरुजींना विचारलं तर त्यांनी नियम दाखवला: आमच्या पटाच्या शाळेला वर्षाला 25 हजारांचं संयुक्त अनुदान, त्यातले दहा टक्के स्वच्छतेसाठी. म्हणजे 2500 रुपये. त्यातच संडास साफ करायचं औषध, झाडू, बादल्या. शिवाय लाईट बिल आणि डागडुजी याच अनुदानातून, आणि ते कधी हातात पडेल याचा भरवसा नाही.

नळ जोडले, त्याची मोजणी झाली. 2 ऑक्टोबर 2020 पासून शाळा-अंगणवाड्यांना नळ देण्याची शंभर दिवसांची मोहीम झाली, आमच्याकडेही नळ आला. त्याला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी येतं. कागदावर मात्र ‘नळ आहे’ एवढंच भरलेलं आहे. आज टाकी भरली का, साबण आहे का, हे रोज बघणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नाही. सगळं बिघडतं ते इथे. सहावी-सातवीच्या मुली तर दिवसभर पाणीच पीत नाहीत, कारण संडासात पाणी नसतं. त्या मला सांगतात, गुरुजींना सांगत नाहीत.

ग्रामसेवक भाऊसाहेबांकडून मी एक गोष्ट समजून घेतली. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतीला दिलेल्या पैशातला 30 टक्के पिण्याच्या पाण्यासाठी आणि 30 टक्के स्वच्छतेसाठी बंधित असतो, तो दुसरीकडे वळवता येत नाही. गावाने ठरवलं तर शाळेची टाकी, तोट्या आणि टीसीएलचं नवं पोतं त्यातून होऊ शकतं. साबण आणि लाईट बिलासाठी त्यात जागा आहे की नाही, हे ग्रामसभेत विचारून लेखी घ्यायचं मी ठरवलं आहे. येत्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी उभी राहणार. अकरा वर्षांत मी ग्रामसभेत कधी बोलले नाही. माझ्यासारख्या खिचडी शिजवणाऱ्या बायका गावोगाव आहेत, त्यांनीही आपापल्या सभेत हा प्रश्न मांडावा, एवढ्यासाठी हे पत्र छापावं.

आणि तुमच्या वार्ताहरांना एक विनंती. 15 ऑक्टोबरला जागतिक हात धुवा दिन असतो, त्या दिवशी सगळ्या शाळांत पाणी असतं, फोटोही निघतात. त्यांनी 16 तारखेला जावं. न सांगता, दुपारच्या सुट्टीत, जवळच्या कुठल्याही शाळेत. आणि तोटी फिरवून बघावी.

आपली,
एक स्वयंपाकी-मदतनीस,
ता. माण, जि. सातारा
(कृपया नाव आणि गाव छापू नये.)