राजीनामा देऊ का नको

प्रिय बंड्या,

काय बे, चिडलास ना? चीड. मेसेज बघितले होते, पण फोनवर टाईप करण्यासारखं नव्हतं हे. माझी शुगर बरी, आईचा गुडघा होता तसाच.

पक्षाची माणसं घरी येऊन गेली. विधानसभेला उभं राहा म्हणतायत. हसू नको. सरकारी वकील, स्वच्छ माणूस, गावोगाव ओळख, वगैरे वगैरे. बायकोनं चहा देता देता सरळ विचारलं, तिकीट नक्की का, तर सगळे एकदम शेंगाचटणीचं कौतुक करायला लागले!

आता राज्यघटनेचं कलम १९१ तुला मी काय सांगू. सरकारचं लाभाचं पद, म्हणजे कमाईचं, धरून उभं राहता येत नाही, म्हणजे फॉर्म भरायच्या आधी राजीनामा. तू लगेच कांता कथुरियांची केस काढशील, कॉलेजात मूटला, त्या लुटुपुटूच्या खटल्यात, ह्याच केसवरून भांडलो होतो आपण. राजस्थानातल्या कोलायतच्या आमदार बाई, एका लवादात स्पेशल सरकारी वकील, त्यावरून हायकोर्टानं निवडणूक रद्द केली आणि १९६९ ला सुप्रीम कोर्टात वाचल्या. पण ते लाभाचं पद नाही म्हणणारे पाचात तीनच, आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला त्यात नव्हते. मी तेव्हाही हिदायतुल्लांकडूनच होतो. शिवाय बाईंची नेमणूक एका प्रकरणापुरती, माझ्या टेबलावर भूसंपादनाच्या रोजच्या फायली, माझ्यासाठी कोण वाद घालत बसणार.

आणि सुशीलकुमार शिंदेसाहेबांचं बघ. आपल्याच सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाले, मग फौजदार, वकिलीही शिकले. करमाळ्याच्या तिकिटासाठी नोकरी सोडली आणि १९७२ ला तिकीटच कापलं, आले ते १९७४ च्या पोटनिवडणुकीत. पक्षवाले मला त्यांचं मुख्यमंत्रिपद, गृहमंत्रिपद तेवढं ऐकवतात. मधल्या दोन वर्षांचं कोणी बोलत नाही, आणि माझे तर घराचे हप्ते चालू आहेत.

बरं, तिकीट मिळालं समज. मग प्रचाराला जायचं कुठं? रस्त्यात जमिनी गेलेल्या त्याच गावांत, जिथल्या लोकांच्या वाढीव मोबदल्याला मी वर्षानुवर्षं विरोध केलाय. एक म्हातारा अजून डोळ्यापुढनं जात नाही. उलटतपासात विचारलं, बाबा, विहीर होती तर सातबाऱ्यावर का नाही? म्हणाला, "साहेब, इहीर वाकून बघायची असती, कागदावर न्हाई." सगळं कोर्ट हसलं, मीपण. आर्ग्युमेंटला मात्र सातबाराच दाखवला आणि विहिरीचा पैसा गेला. आता त्याच्याच ओट्यावर जाऊन मत मागू? तू म्हणशील सरकारची फी घेतली, सरकारची बाजू मांडली, त्यात लाजायचं काय. तू कंपन्यांचा वकील, तुला काय लाज!

गंमत पुढंच आहे. चुकून आमदार झालोच तर लोक म्हणणार मोबदल्यावर विधानसभेत लक्षवेधी सूचना लावा, मी लावणार, आणि मंत्री उठून उत्तरात माझेच जुने मुद्दे वाचून दाखवणार. नागपूरला थंडीत माझ्याच आर्ग्युमेंटवर मी हरणार बे.

बायको म्हणते नको. आई म्हणते उभा राहा, पण देवळात विचारून. सीनियर नुसते गालात हसतात, तुला माहितीये ते कसं.

पोरीची ॲडमिशन झाली का? नवा फ्लॅट कसाय? वहिनींना नमस्कार सांग.

पक्षवाल्यांना सोमवारी उत्तर द्यायचंय, त्याआधी फोन कर. रविवारी सकाळी नको, पाणी येतं. आणि मूट तू जिंकला होतास हे परत सांगू नको, ते जज तुझ्या मामाच्या ओळखीचे होते.

तुझा,
आप्पा