नायट्यावर 'मिक्स' मलम नको

संपादक महोदय,

पावसाळ्यात तुर्भे, कोपरखैरणे, कळवा या भागांत जांघेत, कमरेला, काखेत नायटा (कातडीला होणारा बुरशीचा आजार) झालेले लोक घरोघरी दिसतात. त्यातले बरेच जण औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली 'मिक्स' मलमाची ट्यूब महिनोन्महिने चोळत असतात. त्या ट्यूबवर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन असे नाव असेल, तर त्यात बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइड, म्हणजे दाह दाबणारे औषध, मिसळलेले आहे. त्याने दोन-तीन दिवसांत खाज थांबते आणि लोक तिथेच फसतात. दाह दबतो, बुरशी मात्र पसरत राहते. नायट्याची ओळखीची गोल कडा पुसट होते, त्यामुळे निदानही अवघड जाते. जांघेतली कातडी पातळ होऊन पडलेले लांब वण तर कायमचेच.

एकच बुरशीनाशक असलेले मलम लावावे. लुलिकोनॅझोल दिवसातून एकदा, क्लोट्रिमॅझोल दोनदा. अंग कोरडे करून, चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर पिळलेली रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते, ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डाग गेल्यावरही किमान २ आठवडे मलम चालू ठेवावे. अनेकांचा नायटा उलटतो तो डाग जाताच मलम थांबवल्यामुळे.

नायटा अंगभर पसरला असेल तर गोळ्या लागतात, पण त्या डॉक्टरांनीच ठरवाव्यात. आपल्याकडच्या बुरशीवर टर्बिनाफिन ही बुरशीनाशक गोळी आता अनेकदा चालत नाही. इट्राकोनॅझोल या दुसऱ्या बुरशीनाशकाच्या नेहमीच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्याव्या लागतात, ॲसिडिटीच्या गोळीसोबत घेतल्या तर नीट शोषल्या जात नाहीत. हृदयाचा किंवा यकृताचा आजार असल्यास आधी सांगावे.

घरात दुसऱ्या कुणाला खाज असेल तर त्याचेही उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात धुतलेले. खिडकीतल्या दोरीवर अर्धवट वाळलेली अंतर्वस्त्रे तशीच घालू नयेत, शिवणीवरून इस्त्री फिरवावी. कमरेचा करगोटा घामाने ओला राहतो. तो उपचार संपेपर्यंत काढून ठेवावा.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती काउंटरवर सर्रास मिळतात. अन्न व औषध प्रशासनाने ठाणे जिल्ह्यातील दुकानांची बिले तपासून ही विक्री थांबवावी, ही विनंती.

– एक त्वचारोगतज्ज्ञ, नवी मुंबई