कपडे आपणच झटकायचो

नागपूर

मंदे,

दिवाळीत तुझा फोन उचलला नाही, रागावली असशील. बोलायला तोंडच होईना. माझी शुगर ठीक, यांचा गुडघा तसाच.

आईला छातीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला गं. मेसोथेलिओमा. दोनदा पाणी काढलं, सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. मारबतीच्या मिरवणुकीत इडापिडा, रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतात ना, त्या दिवशी तीच गॅलरीतून ओरडली, "खोकला घेऊन जा गे मारबत!" सगळे हसलो. नंतर तुकडा तपासला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी विचारलं, अ‍ॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आला? मी म्हटलं, आई जन्मभर घरातच. मग त्यांनी बाबांचं काम विचारलं, आणि मला आपलं आंगण दिसलं. आपल्या दोघींचे बाबा शिफ्टवरून यायचे ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे. गरम पाइपांवर ती अ‍ॅस्बेस्टॉसची पांढरी दोरी गुंडाळायची, वर पावडर कालवून लिंपायची. कपडे झटकायला आपण किती भांडायचो! तू म्हणायचीस, "पाय, बर्फ पडून राहिला." भर मे महिन्यात! मग आई ते नळावर आपटून धुवायची.

अ‍ॅस्बेस्टॉसचे ते तंतू डोळ्याला दिसत नाहीत. श्वासातून जातात, अस्तरात रुततात, शरीराला विरघळवता येत नाहीत. २० ते ५० वर्षांनी आजार वर येतो. बिडीचा, धुराचा याच्याशी संबंध नाही. मी उगाच चुलीला बोल लावत होते. १९९५ साली सुप्रीम कोर्टानं अशा कामगारांच्या तब्येतीच्या नोंदी निदान ४० वर्षं ठेवायला सांगितल्या. पण कपडे धुणाऱ्या बाईची नोंद कोण ठेवतं? ठेकेदाराचं नावही आईला आठवत नाही.

ती रोज विचारते, "मलेच काहून झालं?" मी अजून सांगितलं नाही. सांगितलं तर बाबांवर चिडेल, की आपणच धुतले म्हणून रडेल? तू सांग. माझ्या लग्नाला तूच तिला राजी केलंस, मला कुठे जमलं होतं! त्यावरून मी तुझ्याशी वर्षभर बोलले नव्हते, तेही आठवतं.

काकूंना धाप लागते का? डॉक्टरकडे न्याल तेव्हा कपड्यांचं आधी सांग. आपल्या दोघींचंही सांगायचं. आणि गच्चीवरचे जुने अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे भावाला फोडू देऊ नकोस, भोकंही पाडू देऊ नकोस.

हर्षलला नोकरी लागली म्हणे, छान झालं. संत्रा बर्फी पाठवते.

फोन कर, पण दोन ते चारमध्ये. तेव्हा आई झोपलेली असते.

तुझी,
शोभी