थाळीचा एकच आकडा नको. तुकडीचा आणि वाटीचा हवा

मा. संपादक,
स. न.

सुरमई थाळी मागवणारे गिऱ्हाईक वजनाच्या धास्तीने तळलेली तुकडी बाजूला सारते आणि खोबरे वाटून केलेल्या कालवणाचा रस मात्र भातावर दोनदा ओतून घेते. हिशेब तसा नाही. १०० ग्रॅम कच्च्या सुरमईत साधारण १०० ते १३० कॅलरी असतात, तेवढ्याच ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे-चारशे आणि तेलात ९००. आपल्या ताटातल्या बऱ्याचशा कॅलरी मासळीत नसून वाटपात (वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्यात), तव्यावर आणि भातात आहेत, आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून हॉटेलांच्या मेनूवर कॅलरी लिहिणे सक्तीचे हवे, आणि ती सक्ती किनाऱ्यावरच्या मोठ्या मासळी-हॉटेलांनाही हवी.

सध्याचा नियम त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२०च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांनुसार केंद्रीय परवाना असलेल्या किंवा १० वा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांना प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी आणि वाढपाचे प्रमाण लिहावे लागते. अंमल १ जुलै २०२२ पासून. त्यामुळे पिझ्झ्यापुढे आकडा येतो, पण मालवणात किंवा अलिबागेत दोनशे माणसे बसणाऱ्या एकुलत्या एका हॉटेलात येत नाही. वर्षातून ६० दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या ठिकाणांना सूट आहे, ती जत्रेतल्या दुकानांसाठी योग्यच. घरगुती खाणावळी आणि बचत गटांनाही यात ओढू नये. शाखा मोजण्याऐवजी खुर्च्या मोजाव्यात, एवढेच.

“आमचा स्वयंपाक हाताच्या अंदाजाचा, आकडा कुठून आणू?” ही अडचण खरी आहे, पण एक वजनकाटा आणि एक वही यांनी ती बरीचशी सुटते. वड्यांचेच घ्या. तेलासकट कढईचे वजन थंड असताना करायचे. ४० वडे तळून झाले की तेल पूर्ण निवू द्यायचे, गाळायचे आणि पुन्हा वजन करायचे. मध्ये तेल ओतले असेल तर ते मोजूनच. समजा ३६० ग्रॅम तेल कमी भरले, तर वड्यामागे ९ ग्रॅम, म्हणजे ८१ कॅलरी. वड्यात पीठ ३० ग्रॅम असेल तर त्याच्या सुमारे १०५. एक वडा १८५ च्या घरात जातो, आणि कोंबडी-वड्यांच्या ताटात पाच वडे असले तर कोंबडीचा रस्सा धरायच्या आधीच सव्वानऊशे होतात. चूक होते ती गाळण्यात: तळाशी बसलेला पिठाचा गाळ तसाच राहिला तर तेल कमी खर्च झाल्यासारखे दिसते. तेल नीट तापण्याआधी वडे सोडले तर ते जास्त तेल पितात. वारंवार तापवलेले तेलही दाट होऊन पदार्थाला जास्त चिकटून राहते. म्हणून मोजणी एकाच घाण्याची नको, निरनिराळ्या दिवशींच्या तीन-चार घाण्यांची सरासरी काढावी.

बोंबील कच्चा असतो तेव्हा त्यात बहुतेक पाणीच असते. वजनाखाली दाबून पाणी काढल्यावर तो निम्म्याने हलका झालेला असू शकतो. तेव्हा दाबण्याआधीच्या वजनाला दाबलेल्या बोंबलाच्या कॅलरी लावल्या की आकडा फुगतो. बांगड्याची चरबी हंगामाप्रमाणे कमीजास्त होते, त्याला एकच आकडा न देता ‘इतके ते इतके’ असेच लिहावे.

सगळ्यात फसवे खोबरे. वाटपात ते पाट्यावर किंवा मिक्सरवर वाटून सगळेच्या सगळे रश्श्यात जाते, तेव्हा खोबऱ्याचे वजन करून रश्श्याच्या वाट्यांनी भागले की झाले. सोलकढीत मात्र दूध पिळून चोथा टाकला जातो, आणि चोथ्यात किती चरबी उरली हे पिळणाऱ्या हातावर अवलंबून. पूर्ण नारळाचा हिशेब लावला तर आकडा नाहक मोठा येतो. डब्यातल्या नारळाच्या दुधाचा आकडा उचलला तर तो आपल्या सोलकढीचा नसतोच. इथे एकदा प्रयोगशाळेत नमुना देऊन तपासून घ्यावे आणि पुढे एका नारळाला पाणी किती ते पक्के ठेवावे. मोबाईलवरून ‘फिश फ्राय’चा आकडा उतरवून लावणे हा सरळसरळ गिऱ्हाइकाला फसवण्याचा प्रकार आहे.

अख्ख्या थाळीला एकच आकडा लावणेही तितकेच निरुपयोगी, कारण भात पुन्हा पुन्हा वाढला जातो. फलकावर असे हवे: ‘सुरमई तळलेली, १ तुकडी (कच्ची ८० ग्रॅम), सुमारे २००. भात, १ मूद (१५० ग्रॅम), सुमारे १९५.’ वजन लिहिले की तुकडी बारीक झाल्याचेही गिऱ्हाइकाला कळेल, आणि मला वाटते काही मालकांचा खरा विरोध तिथेच असतो.

अन्न व औषध प्रशासनाने पर्यटनाचा हंगाम सुरू होण्याआधी तालुक्याच्या ठिकाणी हॉटेलांच्या आचाऱ्यांना ही कढईची मोजणी एकदा करून दाखवावी. वही आचाऱ्याकडे असावी, मालकाच्या गल्ल्यात नको.

– एक वाचक, मालवण