महिनाभराचं रेकॉर्डिंग आहे, नंबर मात्र दिसत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातली सोसायट्यांच्या सीसीटीव्हीची बातमी वाचली. 'तीस दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं' एवढ्यावर तुमच्या वार्ताहरानं समाधान मानलं, याचा राग आला. आमच्याकडेही तीस दिवसांचंच राहत होतं.

गेल्या पावसाळ्यात पहाटे आई दूध आणायला गेटबाहेर पडली आणि एका मोटरसायकलवाल्यानं तिला उडवलं. तो थांबलाही नाही. मांडीचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. वॉचमनच्या केबिनमध्ये बसून मी ते रेकॉर्डिंग वीस-पंचवीस वेळा पाहिलं. गेटची जाळी, 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटी, आईच्या हातून पडून रस्त्यावर राहिलेली पिशवी, सगळं स्वच्छ. मोटरसायकल येते तिथे मात्र राखाडी चौकोनांचा गोळा आणि नंबर प्लेटच्या जागी पांढरट डाग. हवालदार म्हणाले, "साहेब, यातून काय शोधू?" त्यांची काय चूक?

कॅमेरा २ मेगापिक्सेलचा, फुल एचडी. बसवणाऱ्याला बोलावून डीव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राची, सेटिंग उघडायला लावली. बिटरेट, म्हणजे एका सेकंदाच्या चित्राला मिळणारा डेटा, फक्त ३८४ केबीपीएस (किलोबिट)! आठ कॅमेरे, १ टीबीची हार्ड डिस्क आणि कमिटीचा हट्ट तीस दिवसांचा. त्यानं उलटा हिशोब केला होता: एका कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे ४ जीबी, आठांना ३३, महिन्याला हजारभर, म्हणजे १ टीबी. डिस्क बरोबर पुरली.

व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या एच.२६४ या पद्धतीत अधूनमधून एक पूर्ण फ्रेम, म्हणजे अख्खं चित्र, साठवतात, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदललेला भाग. भिंत, पाटी जागची हलत नाही, तिला जवळजवळ काही लागत नाही. वाहन वेगानं गेलं की एकदम जास्त डेटा लागतो, आणि वरून मर्यादा इतकी कमी असली की नेमका तोच भाग ठोकळ्यांत जातो. ज्याच्यासाठी कॅमेरा लावायचा तेच पुसलं जातं! त्यात गेटसमोरचा रस्त्यावरचा दिवा तेव्हा चार महिने बंद होता. अंधारात चित्रावर जे दाणे येतात तेही यंत्राला बदलच वाटतात, आणि उरलासुरला डेटा त्यांच्यावर खर्च होतो. दिव्यासाठी तीन अर्ज दिले, तीनही पोच पावत्या माझ्याकडे आहेत. दिवा अजून लागलेला नाही.

आमच्या सेक्रेटरींनी तर पोलिसांना मूळ फाइल न देता मॉनिटरचं मोबाइलवर शूटिंग करून व्हॉट्सॲपवर धाडलं. आधीच दाबलेलं चित्र तिथे आणखी दाबलं गेलं. मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढायला पाच मिनिटं लागतात हो.

पुढे मी भांडून सेटिंग बदलून घेतली. गेटचे दोन कॅमेरे २०४८ वर, फ्रेम सेकंदाला २५ ऐवजी १५, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जास्त डेटा. गच्ची, जिने वगैरे सहा कॅमेरे ३८४ वरच. डिस्क २ टीबीची. जवळपास २९ दिवस बसतात. खर्च फक्त डिस्कचा. एच.२६५ या पुढच्या पद्धतीचं यंत्र असतं तर गेटचं तेवढंच चित्र साधारण निम्म्या जागेत मावलं असतं. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं, याची चुटपुट जात नाही.

सुप्रीम कोर्टानं २ डिसेंबर २०२० च्या आदेशात पोलिस ठाण्यांतलं रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायला सांगितलं, तेव्हा कॅमेऱ्यांना रात्री दिसलं पाहिजे आणि आवाजही टिपला पाहिजे, हेही बजावलं होतं. आपल्या कमिट्या आणि कंत्राटदार मात्र नुसते दिवस मोजतात, आणि तुम्ही तेच छापता.

पुढच्या वेळी कॅमेरे किती, दिवस किती याच्या जोडीला गेटच्या कॅमेऱ्याचा बिटरेट विचारा आणि तो छापा. आणि वाचकांना विनंती, आज रात्री दहानंतर एक स्कूटर नेहमीच्या वेगानं गेटमधून आत आणा आणि रेकॉर्डिंगमध्ये तिचा नंबर वाचून बघा.

आपला,
एक वाचक