पितृपक्षातच माळ्यावरचं सामान उतरवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणपती गेले की कोल्हापुरात नवरात्राची झाडलोट सुरू होते. वाकळा, चादरी धुवायला घाटावर जातात, डबे घासले जातात, जळमटं निघतात. पण माळ्यावरून उतरलेलं सामान बहुतेक घरांत पुसून जसंच्या तसं वर जातं. काही ठिकाणी ते घटस्थापनेच्या आदल्या रात्री दिवाणात कोंबलं जातं. याला घरचे आळस म्हणतात. बहुतेक वेळा काम एका दमात फार मोठं काढलेलं असतं.

‘रविवारी घर आवरू’ म्हटलं की रविवार येतो आणि जातो. ‘आज औषधांचा डबा’ म्हटलं की वीस मिनिटांत हातावेगळा होतो. सुरुवात औषधांपासूनच करावी. पाकिटावरची तारीखच निकाल लावते, मन आड येत नाही. मग झाकणं हरवलेले प्लॅस्टिकचे डबे, वायरी, चार्जर, त्यानंतर कपडे. फोटो, पत्रं, गेलेल्या माणसाच्या वस्तू अगदी शेवटी. त्या आधी काढल्या तर दुपार तिथेच सरते.

जमिनीवर एक चादर अंथरावी आणि तिच्यावर मावेल तेवढंच बाहेर काढावं. अख्खं कपाट उपसलं तर रात्री अंथरुणं घालायला जागा हवी म्हणून सगळं परत आत जातं. चादरीवर तीन ढीग करावेत: राहणार, जाणार, दुसऱ्या खोलीतलं. घात करतो तो हा तिसरा. सापडलेली किसणी ठेवायला माणूस स्वयंपाकघरात जातो आणि तिथलाच खण उपसत बसतो. म्हणून अशा वस्तू एका घमेल्यात टाकाव्यात आणि शेवटी एकाच फेरीत जागेवर पोचवाव्यात. ज्याचं काही ठरतच नाही ते एका खोक्यात भरून वर तारीख घालावी. कागदपत्रं मात्र त्यात नकोत. पाडव्यापर्यंत त्यातलं काही लागलं नाही, तर खोकं न उघडताच देऊन टाकावं; उघडलं की ठेवावंसं वाटतं. आणि दुसऱ्याच्या वस्तूंचा निकाल आपण लावू नये. सासूबाईंची पितळी भांडी परस्पर मोडीत गेली, तर पुढच्या वर्षी कपाटाला हात लावू देणार नाहीत.

पितृपक्षात नवी खरेदी टाळायची पद्धत इथे उपयोगी पडते. आधी बास्केट आणायच्या आणि मग त्यांत भरायला सामान शोधायचं, हा उलटा कारभार त्यामुळे आपोआप टळतो. आधी काढून टाकावं, उरेल त्यासाठी फळीची रुंदी, खोली, उंची मोजावी. बिजागऱ्या आणि दाराची चौकट रुंदीतला थोडा भाग खातात, हे दुकानात आठवत नाही. डब्याच्या वर हात घालायला दोन-तीन इंच मोकळे हवेत.

माळ्यावर पुठ्ठ्याची खोकी ठेवू नयेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरतो आणि मग वाळवी, झुरळं येतात. पत्र्याची ट्रंक बरी. वर हलकं आणि वर्षातून एकदा लागणारं ठेवावं, जड पातेली खाली. नदीकाठच्या सखल भागात राहणाऱ्यांनी घराची कागदपत्रं, बँकेची पुस्तकं, दाखले एकाच जलरोधक पिशवीत हाताशी ठेवावेत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी तिथवर चढू लागल्यावर कपाटं धुंडाळायला सवड मिळत नाही.

आता काम पुरं होण्याबद्दल. ‘जाणार’ ढीग दारामागे आठ दिवस पडला की त्यातली एकेक वस्तू परत घरात येते. म्हणून रद्दीवाल्याला कधी यायचं ते आधी सांगावं आणि आवरायला त्याच दिवशी सकाळी बसावं. धड कपडे बोहारणीला किंवा गरजूंना, फाटक्यांची फडकी. अडतं ते जुनी औषधं, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, बिघडलेले मिक्सर आणि मोबाइल यांपाशी. हे घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नये, त्यामुळे ते पुन्हा माळ्यावर चढतं.

महापालिकेने पितृपक्षाच्या पंधरवड्यात या वस्तूंसाठी प्रत्येक प्रभागात निदान एक दिवस वेगळी गाडी फिरवावी आणि तिच्या तारखा आठवडाभर आधी वृत्तपत्रांतून जाहीर कराव्यात, अशी विनंती आहे.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर