याएल, त्या निवेदनावर सही करण्याआधी

प्रिय याएल,

अमेरिकेतून आलेलं तुझं पत्र वाचून डोकं तापलंय, ते आधी सांगून टाकते. लाँड्रीच्या खोलीत भिंतीवर कोरलेली ती नाझी खूण, गळ्यातला मागेन डेव्हिड, म्हणजे ज्यूंचा सहा टोकांचा तारा, बघून तुझ्या मैत्रिणीला जिन्यात 'खुनी' म्हणणारा तो मुलगा, आणि भर वर्गात 'तुम्ही लोक गाझात हे काय करताय' असं तुलाच विचारणारे तुझे सर! ठाण्यात जन्मलेल्या, इस्रायलचा पासपोर्ट कधी हातात न धरलेल्या मुलीनं तिथल्या सरकारचा जाब द्यायचा, तो का, तर ती ज्यू आहे म्हणून. यालाच ज्यूद्वेष म्हणतात. तसं स्पष्ट म्हण आणि लेखी म्हण.

पण तुमच्या गटानं काढलेल्या निवेदनावर सही करू नकोस, असं माझं मत आहे. आयएचआरए या आंतरराष्ट्रीय संघटनेची ज्यूद्वेषाची व्याख्या विद्यापीठानं शिस्तीच्या नियमांत घ्यावी आणि तिच्यात बसणारं बोलणं शिक्षेला पात्र ठरवावं, अशी त्यात मागणी आहे ना? माझं अडतं ते तिथंच.

या व्याख्येचा मूळ मसुदा करण्यात केनेथ स्टर्न यांचा वाटा सगळ्यात मोठा. ते स्वतः ज्यू, इस्रायलचे पाठीराखे, आणि द्वेषाचा अभ्यास हेच त्यांचं काम. युरोपातल्या देशोदेशी ज्यूंवरच्या हल्ल्यांची नोंद एकाच मापानं व्हावी म्हणून 2004-05 च्या सुमारास हा मसुदा तयार झाला. 2016 मध्ये होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, स्मृती जपणाऱ्या आयएचआरएनं तो थोड्याफार फरकानं स्वीकारला. आणि 2017 मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे स्टर्न यांनीच सांगितलं की कॉलेजात कुणी काय बोलावं हे ठरवायला ही व्याख्या वापरू नका.

व्याख्येसोबत, कशाला ज्यूद्वेष म्हणता येईल याची अकरा उदाहरणं दिली आहेत. काही मला पूर्ण मान्य आहेत. होलोकॉस्ट नाकारणं, किंवा इस्रायलच्या कृत्यांबद्दल सगळ्या ज्यूंना जबाबदार धरणं. तुझ्या सरांनी केलं ते हेच. पण इस्रायलचं अस्तित्वच वंशवादी आहे असं म्हणणंही त्या यादीत आहे. मला ते विधान चुकीचं वाटतं. मामा इस्रायलमध्ये अश्दोदला राहतो, 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर आपल्या घरात किती दिवस कुणाला झोप नव्हती हे तुला ठाऊक आहे. त्या दिवसाचं समर्थन करणाऱ्याचं तोंडही मला बघवत नाही. तरीही मत ते मत. त्याला वर्गात उत्तर देता येतं, आणि ते द्यायची ताकद तुझ्यात आहे.

आपल्याच समाजाचा इतिहास बघ. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई-कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांपैकी, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंपैकी, काहींनी, इथं आम्हाला रंगावरून वेगळं वागवतात म्हणून उपोषणं केली, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले. पुढे लग्नाआधी बेने इस्रायलांच्या कुळाची चौकशी करा असा आदेश तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, कार्यालयानं काढला, तेव्हा 1964 मध्ये आपली माणसं यरुशलेममध्ये धरण्याला बसली. त्याच वर्षी पंतप्रधान लेवी एश्कोल यांना जाहीर करावं लागलं की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. तोंड उघडलं म्हणून ते पदरात पडलं. आज तीच भाषा एखादी पॅलेस्टिनी मुलगी तुमच्या कॅम्पसवर बोलली, तर कुठला तरी डीन यादीतलं उदाहरण काढून तिला नोटीस धाडेल. टीका चालते असं त्या व्याख्येतही लिहिलंय, मान्य. पण शिक्षेचा अधिकार हातात आलेला माणूस बारीक अक्षरं वाचत बसत नाही.

टफ्ट्स विद्यापीठातल्या रुमेसा ओझतुर्कचं आठवतं ना? विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात तिघांसोबत तिनं एक लेख लिहिला, विद्यापीठाच्या इस्रायलशी संबंधित गुंतवणुकीवर. 25 मार्च 2025 ला इफ्तारला निघालेल्या त्या तुर्की मुलीला साध्या वेशातल्या, तोंड झाकलेल्या सरकारी माणसांनी रस्त्यात धरलं आणि लुईझियानात नेऊन सहा आठवड्यांहून जास्त डांबलं. शेवटी न्यायाधीशांनी सोडवलं. हे सगळं ज्यूंच्या संरक्षणाच्या नावानं झालं. अनेक ज्यू संघटना तिच्या बाजूनं कोर्टात उभ्या राहिल्या, त्याचा मला अभिमान वाटतो. तूही व्हिसावर आहेस, हे विसरू नकोस.

आपल्याकडेही हे घडून गेलंय. 2012 मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर त्याबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाइक केल्या, आणि पोलिसांनी दोघींना अटक केली. पालघर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. मी दहावीला नागरिकशास्त्र शिकवत होते, आणि मुलं विचारत होती, 'टीचर, लाइक करणं गुन्हा आहे का?' 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते 66 अ कलम रद्द केलं. चर्चा वेगळी, एखाद्या मताचा पुरस्कार वेगळा आणि चिथावणी वेगळी, असं त्या निकालात नीट उलगडून सांगितलंय. तुमच्या गटाला ते वाचून दाखव.

मग ज्यू मुलांनी गप्प सोसायचं का? अजिबात नाही! न्यूयॉर्कच्या कूपर युनियनमध्ये ऑक्टोबर 2023 मध्ये आंदोलक कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेर जमले आणि दारं-काचा बडवू लागले. आत ज्यू मुलं होती. त्यांनी कॉलेजवर दावा लावला. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यायाधीश जॉन क्रोनन यांनी फार महत्त्वाची फारकत केली. घोषणा, पत्रकं, राजकीय मतं यांच्यासाठी कॉलेजला जबाबदार धरता येणार नाही, ती कितीही कडू लागली तरी. पण ग्रंथालयापाशी जे घडलं ते बोलणं नव्हे, धमकावणी, आणि त्यावर खटला चालेल. ही घटना 2023 ची आहे, नाझींच्या काळातली, 1943 ची नाही, मुलांनी माळ्यावर लपून बसायचं नसतं, त्यांना सांभाळणं कॉलेजचं काम आहे, असं त्यांनी खडसावलं. कॉर्नेल विद्यापीठाच्या कोशर (ज्यू धर्मनियमांनुसार चालणाऱ्या) भोजनगृहात गोळ्या घालीन असं ऑनलाइन लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला तर 21 महिन्यांची कैद झाली. त्यासाठी नवी व्याख्या लागली नाही. अमेरिकेचा 1964 चा नागरी हक्क कायदा आणि साधा फौजदारी कायदा हाताशी आहेच, तो वापरायला विद्यापीठांना भाग पाडायचं.

म्हणून तू वेगळं निवेदन लिही. भिंतीवरच्या खुणेची चौकशी आणि तिचा निकाल किती दिवसांत लागणार, ते मागा. धमकी, पाठलाग, वाट अडवणं, नावानिशी छळणं यांची तक्रार ज्यू, मुसलमान, हिंदू कुणीही केली तरी एकाच खिडकीवर, एकाच नियमानं घ्या म्हणावं. ज्यूद्वेषाचा इतिहास वर्गात शिकवा, आणि त्यात हिटलरच्या आधीची शतकंही येऊ द्या. तुमच्या वर्गातल्या त्या पॅलेस्टिनी मुलीलाही सही विचार. नाही म्हणाली तर म्हणू दे.

सरांबद्दलची तक्रार मात्र आजच लिही. तारीख, वार, त्यांचे नेमके शब्द, आणि वर्गात ते कुणी ऐकले. विशेषणं एकही नको. मसुदा मला पाठव, मी रात्रीत बघून देते. आणि त्यांच्या केबिनमध्ये एकटी जाऊ नकोस, कुणाला तरी सोबत ने.

तुझी,
आई